बरणी कुणी नासवली?

दिवाळीचा तिसरा दिवस उजाडला की माझी जीभ असहकार पुकारते. पहिल्या दिवशी चकलीचे कौतुक होते, दुसऱ्या दिवशी अनारशाचे. तिसऱ्या दिवशी मात्र फराळाचे ताट समोर आले तरी हात पुढे होत नाही. अशा वेळी काहीतरी आंबट, खारट, नाकात झिणझिण्या आणणारे हवेसे वाटते. म्हणून गेली कित्येक वर्षे वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी मी आमच्या स्वयंपाकघरात एक बरणी घालतो. घरातल्या बायका भाजण्या-तळण्यात गुंतलेल्या असतात. त्यांच्या वाटेत न येता करता येण्यासारखे एवढे एकच काम मला येते.

कृती अगदी साधी आहे. गाजर, मुळा, फुलकोबीचे तुरे, चार हिरव्या मिरच्या आणि आल्याच्या चकत्या. एक लिटर पाणी उकळून निववायचे, त्यात ४० ग्रॅम मीठ विरघळवायचे. मोहरी पाण्याबरोबर वाटून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत फेसायची आणि त्यात मिसळायची. भाज्या बरणीत भरून वरून हे पाणी ओतायचे, आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे वर एक बशी उपडी घालून तिच्यावर धुतलेला गुळगुळीत दगड ठेवायचा. भाजीचा एकही तुकडा पाण्याबाहेर डोके काढता कामा नये. तोंडाला दादरा बांधला की आपले काम संपले. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बुडबुडे येऊ लागतात, पाणी गढूळ होते, आणि पाचव्या दिवशी झाकण काढले की त्या वासाने तोंडाला पाणी सुटते.

खरे म्हणजे 'मी बरणी करतो' हे म्हणणेच चुकीचे आहे. मी फक्त चिरतो, मोजतो, बुडवतो आणि बाजूला होतो. पुढचे सारे आपोआप होते. ते होत असताना मध्येमध्ये उघडून पाहण्याचा मोह आवरणे, एवढेच काय ते माझे कर्तृत्व.

या 'आपोआप होण्या'साठी मराठीत शब्दांची मोठी श्रीमंती आहे. दूध नासते, भाजी विटते, फळ कुजते, भाकरी बुरसते आणि लोणचे मुरते. 'आंबणे' हा शब्द तर दोन्ही पक्षांत सामील आहे. डोशाचे पीठ आंबले तर गृहिणी प्रसन्न, वरण आंबले तर खिन्न. क्रिया तीच, एकदा ती आपल्याला हवी असते आणि एकदा नको असते. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात आंबलेले पदार्थ निषिद्ध ठरवले आहेत. पण लगेच पुढच्याच श्लोकात दही, दह्यापासून झालेले पदार्थ आणि शुद्ध फुले, मुळे, फळे घालून आंबवलेले पदार्थ यांना सूट आहे. रोजच्या ताटातल्या दह्यापुढे शास्त्रकारालाही नियम वाकवावा लागला! नासणे आणि मुरणे यांच्यामधली रेघ कुठे ओढायची, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

पण मला आज सांगायचे आहे ते या रेघेविषयी नव्हे. बरणी मुरली तर श्रेय कुणाचे आणि नासली तर दोष कुणाचा, याविषयी सांगायचे आहे. निमित्त घडले ते असे.

गेल्या दिवाळीत शेजारचे एक स्नेही सहकुटुंब फराळाला आले होते. मी मोठ्या अभिमानाने त्यांच्या बशीत दोन गाजरे, एक मुळा घातला. ते खुशीत येऊन म्हणाले, "तुमच्याकडे बरं टिकतं हे! आम्ही दोनदा घातलं, दोन्ही वेळा नासलं. कुणाचा तरी हात लागला असणार, दुसरं काय!" आणि हसले. विनोदच होता तो. पण त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या सुनेने हातातली बशी हळूच खाली ठेवली आणि ती खिडकीबाहेर पाहू लागली. तिचे ते पाहणे मी ओळखले. तसे पाहणारे एक माणूस मी फार पूर्वी पाहिले होते.

आमचे घर रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खेड्यात होते. गोष्ट १९५७ च्या पावसाळ्यातली. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. चैत्र-वैशाखात, बाठ धरण्यापूर्वीच्या लहान कैऱ्या देठासकट उतरवून आजी त्या मोठ्या चिनी मातीच्या बरणीत खारवून ठेवीत असे. खडे मीठ, उकळून निवालेले पाणी, थोडा हिंग, थोडी मोहरी आणि वर नदीतला काळा दगड. ही बरणी कोठीच्या खोलीत असे आणि तिला शिवायचे ते आजीने, तेही सोवळ्यात. आषाढात पाऊस कोसळू लागला, भाजीपाला दिसेनासा झाला, की ती उघडायची. गरम पेज आणि तिच्यात कुस्करलेली खारातली कैरी! ती चव ज्याला ठाऊक आहे त्याला मी अधिक सांगत नाही. ज्याला ठाऊक नाही त्याला सांगून उपयोग नाही.

मला ती चव ठाऊक होती आणि आषाढाची वाट पाहवत नव्हती. ज्येष्ठातल्या एका दुपारी सगळे निजलेले पाहून मी कोठीत शिरलो. विहिरीवरून नुकतेच हातपाय धुऊन आलो होतो. दादरा सोडला, दगड कसाबसा कडेला सारला आणि ओला हात कोपरापर्यंत आत घालून दोन कैऱ्या काढल्या. दगड पुन्हा ठेवला, पण तो पहिल्यासारखा बसला नाही. दादरा बांधला आणि गोठ्यामागे जाऊन कैऱ्या खाल्ल्या.

तीन आठवड्यांनी आजीने बरणी उघडली, तेव्हा वर काळी-हिरवी बुरशी तरंगत होती. खालच्या कैऱ्या बुळबुळीत झाल्या होत्या आणि वास असा होता की आजीने पदर नाकाला लावला. सगळी बरणी परसातल्या खड्ड्यात रिकामी करावी लागली. आमच्या परिस्थितीत ते नुकसान लहान नव्हते. पावसाळ्याची तोंडीलावणीच गेली.

मग चौकशी सुरू झाली. चौकशी म्हणजे काय, निकाल आधीच लागलेला होता. माझी धाकटी काकू त्याच वर्षी लग्न होऊन आली होती. जेमतेम एकोणीस वर्षांची. त्या आठवड्यात ती बाहेर बसलेली होती. पडवीतून मागच्या दारी जाताना कोठीचे दार लागते. आजी म्हणाली, "हिनंच शिवलं असणार. विटाळाशिवाय अशी बरणी नासत नाही." काकू पडवीच्या कोपऱ्यातून एवढेच म्हणाली, "सासूबाई, मी आत पाऊल नाही हो टाकलं." ती पुन्हा काही बोलली नाही, नुसती बाहेर पावसाकडे पाहत राहिली.

मी तिथेच होतो, आजीच्या मागे, खांबाला धरून. एक वाक्य बोलायचे होते. ते मी बोललो नाही.

त्या दिवसापासून 'धाकटीचा हात वाईट' असे घरात ठरून गेले. लोणचे, पापड, मुरांबा, साठवणीचे म्हणून काही असेल त्याला तिने शिवायचे नाही. मग ते महिन्यातले ते चार दिवस असोत वा नसोत. नात्यातल्या बायका जमल्या की हे हळू आवाजात सांगितले जाई. बारा-तेरा वर्षे, म्हणजे आजी होती तोवर, हे असेच चालले.

पुढे शिकायला म्हणून पुण्याला आलो आणि रसायनशास्त्राच्या वर्गात मला एक गुपित कळले. १८५७ साली फ्रान्समधल्या लील या गावी लुई पाश्चर यांनी दाखवून दिले होते, की पदार्थ आंबतो तो आपण होऊन नव्हे; त्यामागे डोळ्यांना न दिसणारे सजीव असतात. भाजीचे आंबणेही याच जातीचे. हे जीव बाहेरून आणावे लागत नाहीत. ते भाजीच्या, फळाच्या सालीवरच असतात. मीठ फळातला रस बाहेर ओढते आणि कुजवणाऱ्या जंतूंना दटावून ठेवते. मिठाला न भिणारे जंतू मग साखर खाऊन आम्ल तयार करू लागतात. त्यांची पहिली पिढी पाणी इतके आंबट करते, की तिला स्वतःलाच तिथे राहवत नाही. मग अधिक आंबट सोसणारी दुसरी जात तिची जागा घेते. पाणी पुरेसे आंबट झाले की कुजवणाऱ्यांना तिथे थाराच उरत नाही. याचे नाव मुरणे. मीठ कमी पडले, किंवा फळ पाण्याबाहेर येऊन त्याला हवा लागली, की तिथे बुरशी धरते. ती आम्ल खाऊन टाकते आणि दार उघडे पडते. याचे नाव नासणे. या साऱ्या व्यवहारात शिवणारी बाई बाहेर बसलेली आहे की घरात, हे विचारणारे कुणीच नसते. बरणीला माणसाचा हात ओला की कोरडा, स्वच्छ की मळका, एवढेच कळते.

मौज अशी, की ही समजूत काही आपल्याच देशाची नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन ग्रंथकार प्लिनी याने लिहून ठेवले होते, की अशा स्थितीतल्या स्त्रीच्या स्पर्शाने द्राक्षांचा ताजा रस आंबट होतो. आणि अडाणी काळ म्हणून हे सोडून द्यावे, तर १९२० साली व्हिएन्नात बेला शिक या नामांकित डॉक्टरांनी (घटसर्पाची चाचणी ज्यांच्या नावाने ओळखली जाते तेच हे) आपल्या मोलकरणीच्या हातात फुले दिली. ती कोमेजलेली पाहून, अशा दिवसांत स्त्रीच्या अंगी एक विष असते, असे शास्त्रीय नियतकालिकात मांडले. पुढे ते टिकले नाही. पण मला नवल वाटते ते याचे, की आमची न शिकलेली आजी आणि तो थोर डॉक्टर या दोघांनाही दोषी सापडली ती एकच: घरातली ती बाई, जिला उलट बोलायची सोय नव्हती.

याच्या उलट कोरियात पाहावे. हिवाळ्याच्या तोंडावर शेजारपाजारची माणसे जमून कोबी, मुळा खारवून वर्षाची किमची घालतात. या सामुदायिक बेगमीला २०१३ साली युनेस्कोने मानवतेच्या वारशाच्या यादीत घेतले. किमची चांगली झाली की तिकडे म्हणतात, 'हाताची चव' उतरली. अगदी आपल्यासारखेच! आपणही म्हणतो, अमुकच्या हाताला चव आहे. म्हणजे हाताचा गुण पदार्थात उतरतो हे आपल्याला मान्य आहे. चूक होते ती पुढे. गुण आला तर तो कुळाचा, सासूने लावलेल्या वळणाचा. दोष आला तर तो त्या एकटीच्या हाताचा. श्रेयाचे वाटेकरी पुष्कळ असतात. दोषाला मात्र एकच मालक लागतो, आणि तो शक्यतो नवा, परका आणि मुका असावा लागतो.

हे शास्त्र कळले तेव्हा मला काय वाटले असेल? काकूच्या निर्दोषत्वाचा पुरावा हाती आला म्हणून आनंद? तसे झाले असते तर बरे होते. मला त्यातून माझी सुटका दिसली. मी स्वतःला सांगू लागलो: एका पोराच्या ओल्या हाताने एवढी मोठी बरणी नासणे कठीणच. त्या वर्षी मीठच कमी पडले असेल. कैऱ्यांना देठाशी डाग असतील. दगड माझ्यामुळे हलला असेल किंवा आधीच सैल बसला असेल. हे सारे संभवनीय होते, आजही आहे. बरणी नक्की कशाने नासली हे आता ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. या संशयाची चादर पांघरून मी पुष्कळ वर्षे सुखाने झोपलो.

पण हळूहळू ध्यानात आले, की मी चुकीच्या प्रश्नाचे उत्तर शोधत होतो. बरणी कुणी नासवली याचे उत्तर नाही. पण काकूवर आळ आला तेव्हा खांबाला धरून गप्प कोण उभे होते, याचे उत्तर आहे, आणि ते शोधायला सूक्ष्मदर्शक यंत्र लागत नाही. कार्यकारणाचा दोष आणि मौनाचा दोष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यातून मी कदाचित सुटेन. दुसऱ्यातून सुटायला वाट नाही.

१९९४ साली गावी गेलो होतो. आजी, मोठी काकू, काका, सगळे जाऊन काळ लोटला होता. त्या मोठ्या घरात धाकटी काकू एकटी राहत होती. रात्री जेवण झाल्यावर पडवीत बसलो असता मी मनाचा हिय्या करून तिला सारे सांगितले. ती सुपारी कातरीत होती. कातरता कातरता म्हणाली, "ठाऊक होतं रे मला. त्या दुपारी तुझ्या सदऱ्याला खाराचा वास येत होता."

मी थक्कच झालो. "मग तू बोलली का नाहीस?"

"बोलून काय होणार होतं? सून स्वतःचं निस्तरायला पोरावर घालते म्हणाले असते. आणि तू नऊ वर्षांचा. मार खाल्ला असतास."

थोडा वेळ गेला. मग ती हसली आणि म्हणाली, "तुला एक गंमत सांगते. त्याच वर्षी कार्तिकात आवळे आले. मी बाहेर बसले होते. माहेरून आणलेली हॉर्लिक्सची रिकामी बाटली होती माझ्याकडे. मीठ पदरात बांधून आणलं आणि त्या दुसऱ्याच दिवशी, मुद्दाम, आवळे खारात घातले. गोठ्याच्या कोनाड्यात लपवली बाटली. पुढचा पावसाळा आला तरी एक आवळा नासला नाही. दर महिन्याला बाहेर बसले की दोन खायची."

पाश्चरचे नावही न ऐकलेल्या त्या एकोणीस वर्षांच्या मुलीने प्रयोग केला होता आणि तो सिद्ध झाला होता. मी म्हटले, "कुणाला दाखवली का नाहीस बाटली?"

"कुणाला दाखवू? हिनं बाहेर बसून आवळे घातले, एवढंच सगळ्यांनी ऐकलं असतं. बाटलीत कुणी डोकावलं नसतं."

मला पुढे बोलवेना. मी क्षमा मागण्यासाठी शब्द जुळवू लागलो, तेव्हा तिने अडकित्ता खाली ठेवला आणि विचारले, "तुझ्या आजीला सांगितलंस का कधी?"

"नाही."

"मोठ्या वहिनींना? तुझ्या आईला?"

"नाही."

"मग आता मला सांगून काय रे? मला तर ठाऊकच होतं."

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते वाक्य अधिक लागले. ज्यांनी निकाल दिला त्यांना सांगण्याचे मला धैर्य झाले नाही. ते सगळे निघून गेल्यावर मी जिच्यावर आळ होता तिलाच साक्ष द्यायला गेलो होतो. तीही तिच्यासाठी नव्हे, माझे ओझे उतरावे म्हणून. कबुलीजबाब न्यायासनापुढे द्यायचा असतो. आरोपीच्या कानात कुजबुजलेल्या सत्याचा आरोपीला काय उपयोग?

काकू आता नाही. तिने शेवटपर्यंत त्या गोष्टीचा पुन्हा उल्लेख केला नाही. मात्र दुसऱ्या दिवशी निघताना तिने माझ्या पिशवीत खारातल्या आवळ्यांची एक बाटली ठेवली होती. ती क्षमा होती की पुरावा, हे मला आजवर उलगडलेले नाही. बहुधा ते नुसते आवळेच होते. चवीला उत्तम होते.

गेल्या दिवाळीत त्या स्नेह्यांचे वाक्य ऐकले आणि त्यांची सून खिडकीबाहेर पाहू लागली, तेव्हा हे सारे क्षणात डोळ्यांपुढे आले. नऊ वर्षांच्या मुलाला जे जमले नव्हते ते सत्तरी ओलांडलेल्या म्हाताऱ्याला तरी जमायला हवे होते. पण खरे सांगतो, तेव्हाही पहिला विचार मनात आला तो गप्प बसण्याचाच. सणाचा दिवस, पाहुण्यांचा विनोद. कशाला उगाच विरस करा? दुसऱ्यावरच्या अन्यायाच्या वेळी आपल्याला शिष्टाचार किती चटकन आठवतात!

शेवटी मी म्हटले, "हाताने नासत नाही हो ते. दगड हलतो किंवा मीठ कमी पडते." आणि मग, सगळ्यांच्या देखत, कोठीची, ओल्या हाताची आणि काकूच्या बाटलीची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. ती सांगायला मला साठाहून अधिक वर्षे लागली होती. सांगून झाली दहा मिनिटांत. स्नेही जरा ओशाळले. आमच्या घरच्यांनाही ती नवी होती. सगळे थोडा वेळ गप्प राहिले.

मग त्या सुनेने खाली ठेवलेली बशी पुन्हा उचलली, मुळ्याचा एक तुकडा तोंडात टाकला आणि विचारले, "काका, मीठ किती घालता तुम्ही?"

"लिटरला ४० ग्रॅम," मी म्हणालो. "आणि दगड जरा जड घे."